आत्याचं गाणं 'शुद्ध' करू नका

प्रेषक: वैशाली (सध्या मुक्काम अमळनेर तालुका)
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५
विषय: वारसा अंक आणि कानबाईची गाणी

मंडळी, नमस्कार.

आत्ताच बोरी नदीवरून परत आले. पाय अजून चिखलाचे आहेत, पण आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

काल आमच्या घरी कानबाई बसली होती, आज सकाळी वाजतगाजत निरोप दिला. आपल्या परदेशातल्या मराठी मंडळाच्या या पत्रयादीवर खानदेशातले तीन-चारच, म्हणून थोडं सांगते. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई येते. नारळ हीच देवी. आमच्या घरातला नारळ आजीच्याही आधीचा आहे. वर्षभर लाल कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. त्या दिवशी त्याला डोळे, नथ, ओढणी सगळं चढतं आणि केळीच्या खांबांमध्ये चौरंगावर बाई बसते. सुरत, नाशिक, पुणे, जिथे कुठे पोटापाण्याला गेले असतील तिथून सगळे भाऊबंद एका घरी येतात. रोटांचं दळण निघतं तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य घेतात. यंदा चुलतभावाच्या दोन महिन्यांच्या बाळाच्या नावानंही मूठ पडली. पुरणाचे रोट, कटाची आमटी, खीर, गंगाफळाची भाजी. हे रोट घराबाहेर द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचे.

आता मूळ मुद्दा. रात्रीच्या जागरणाला माझी आत्या गाते. वय ऐंशीच्या पुढे, दात नाहीत, आवाज मात्र अजून ओसरीपासून पारापर्यंत जातो. चार वर्षांपूर्वी तिची तीन गाणी मी फोनवरून ऐकून आपल्या दिवाळी अंकाला दिली होती. तो अंक या वेळी मुद्दाम सोबत आणला. म्हटलं, आपलं गाणं परदेशात छापून आलंय हे बघून आत्याला बरं वाटेल. तिला वाचता येत नाही म्हणून मीच शेजारी बसून वाचलं. तिनं सवयीनं टाळी धरली. दुसऱ्या ओळीला टाळी थांबली. मी पुन्हा वाचलं, ती पुन्हा तिथेच थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हाई मनं गानं नई शे." म्हणजे, हे माझं गाणं नाही.

कारण मला तिथल्या तिथे कळलं. तिच्या अहिराणी गाण्यात 'आंडेर' आहे, अंकात 'लेक' झालं होतं. 'दखाड'चं 'दाखव', 'आठे'चं 'इथे', 'मनी माय'ची 'माझी आई'. अर्थ तसूभरही बदललेला नाही. पण 'आंडेर' म्हणताना तिच्या दोन टाळ्या पडतात आणि 'लेक' एका टाळीत संपतं. दुसरी टाळी रिकामी पडते. तिला व्याकरण माहीत नाही, पण हाताला कळलं.

आता आपण 'देशोदेशीचा वारसा' म्हणून अंक काढतोय आणि खानदेशाची चार पानं माझ्याकडे आहेत. माझी कळकळीची विनंती आहे की या वेळी गाणी आत्याच्या तोंडी आहेत तशीच छापावीत. बोली, उच्चार, सगळं तसंच. शेजारी प्रमाण मराठीत अर्थ देऊ, आणि सोबत ध्वनिफीत. मी काल रात्री दोन तास ध्वनिमुद्रण केलंय.

वैशाली

---

प्रेषक: प्रकाश
मंगळवार, ५ ऑगस्ट

वैशालीताई,

पत्र वाचून अस्वस्थ झालो, कारण त्या अंकाचं मुद्रितशोधन मी केलं होतं. 'आंडेर' मीच खोडलं. मला ती चूक वाटली नव्हती, पण वाचणाऱ्याला अडेल असं वाटलं. आत्यांची मनापासून माफी मागतो.

तरीही एक अडचण मांडतो, राग मानू नये. आपल्या मंडळातली निम्मी मुलं देवनागरी कशीबशी जुळवून वाचतात. 'आई' आणि 'घर' वाचलं तरी आम्ही पेढे वाटतो. त्यांच्यासमोर अहिराणी ठेवली तर ती पान उलटतील, ही भीती आहे. शिवाय मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली असं प्रत्येकानं आपापलं दिलं, तर ज्या मराठीच्या नावानं आपण इथे जमलो ती कुठे राहील? गेल्या वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून आनंद केला. त्या एका मराठीचं बोट मुलांनी आधी धरावं, बोली मागाहून येतील, असं मला वाटतं.

प्रकाश

---

प्रेषक: मीनल (कार्डिफ)
मंगळवार, ५ ऑगस्ट

प्रकाशदादा, तुमची काळजी खरी आहे. माझीही मुलं त्याच वयाची आहेत. पण याच आठवड्यात इथे वेल्समध्ये काय चाललंय ते सांगते.

कानबाईच्याच आठवड्यात यंदा रेक्सममध्ये राष्ट्रीय आइस्टेडफोड भरलंय. म्हणजे वेल्श भाषेतल्या कवितांचा, गाण्यांचा आणि नाटकांचा मोठा मेळावा. एक वर्ष उत्तर वेल्समध्ये, एक वर्ष दक्षिणेत, असा तो गावोगाव फिरतो. मंचावर फक्त वेल्श. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी कानाला लावायची भाषांतराची यंत्रं ठेवतात, पण मंचावरचा शब्द बदलत नाहीत. २०२१च्या जनगणनेत वेल्समधल्या जेमतेम १८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श येतं असं सांगितलं. म्हणजे शंभरातल्या ब्याऐंशी जणांना कळत नाही, तरी कुणी म्हणत नाही की आधी सोपं करा.

आणि १८६५ साली सुमारे दीडशे वेल्श माणसं 'मिमोसा' नावाच्या जहाजानं अर्जेंटिनाच्या पातागोनियात गेली. चुबुत नदीच्या खोऱ्यात वसली. चहूकडे स्पॅनिश, मायदेश सात समुद्रांपलीकडे. तरी तिथे आजही वेल्श शाळा आहेत आणि आइस्टेडफोड भरतं. माझ्या मुलीच्या शाळेत हे शिकवतात तेव्हा मला दर वेळी आपलं मंडळ आठवतं. दीडशे वर्षांनी आपल्या नातवंडांच्या नातवंडांपाशी काय उरेल? ढोलताशा नक्की उरेल, तो दिसायला भारी असतो. मला गाणी उरायला हवी आहेत.

माझी मुलगी घरी मराठी, शाळेत वेल्श आणि मैदानात इंग्रजी बोलते. तिला चौथी बोली जड होणार नाही. मी सासरची कोल्हापूरची, अहिराणीचा गंध नाही, पण 'आंडेर' हा शब्द आज शिकले आणि तिलाही शिकवला. सकाळपासून घरभर म्हणत फिरतेय.

मीनल

---

प्रेषक: नाना (धुळे)
बुधवार, ६ ऑगस्ट

चि. वैशाली आणि सर्व मंडळी, अनेक आशीर्वाद.

मुलगा तुमच्यात असल्यामुळे मी या यादीवर आहे आणि एरवी नुसता वाचतो. आज राहवलं नाही.

मी अडतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. खेड्यातली पोरं निबंधात 'मी जास' लिहायची आणि मी लाल शाईनं 'मी जातो' करायचो. पोरगा घरी जाऊन आईशी बोलायचा ते सगळं माझ्या लेखी चूक होतं. हा सल निवृत्तीनंतर जास्त टोचतो. म्हणून प्रकाशरावांनी 'आंडेर' का खोडलं ते मला नीट समजतं. त्यांना दोष देऊ नका, आम्हीच तसं शिकवलंय.

पण अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे, एवढं मी आता अधिकारानं सांगतो. ग्रियर्सननं भारतीय भाषांची पाहणी केली तेव्हा खानदेशीला, म्हणजे अहिराणी जिच्यात येते तिला, मराठीच्या खंडात न ठेवता नवव्या खंडात भिल्ली बोलींच्या सोबत वेगळी जागा दिली. २०११च्या जनगणनेत खानदेशी या नोंदीखाली १८ लाखांहून अधिक लोक आहेत. ती भाषा की बोली हा पंडितांचा वाद चालत राहील. आपल्यापुरतं एवढंच, की तिला स्वतःचं व्याकरण आहे आणि आत्या त्यात चुकत नाहीत.

आमच्या खानदेशातलंच उदाहरण घ्या. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात जे सुचलं ते त्या म्हणत गेल्या, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी व सोपानदेवांच्या मावसभावानं जमेल तसं टिपून ठेवलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, मग सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ साली पुस्तक निघालं. (त्यांची बोली अहिराणी नाही, लेवा गणबोली आहे. बाहेरचे लोक दोन्ही एकच समजतात म्हणून सांगितलं.) त्या बाडातल्या बोलीवर कुणी माझी लाल शाई फिरवली असती, तर आज त्या कविता कुणाच्या ओठावर राहिल्या नसत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

दुसरं उदाहरण माझ्या गावचं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करत. १९२६ साली ते इथे धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांचं दफ्तर आज तिथे आहे. माणूस गेला तरी कागद राहिले, कारण कुणीतरी कपाट केलं. गाण्यांना तसं कपाट नाही. बाई गेली की गाणं गेलं.

म्हणून वैशाली, काही कामाच्या गोष्टी सांगतो. गाणं दोनदा घे, एकदा गाताना आणि एकदा सावकाश सांगताना. गाताना शब्द सुरात विरघळतात, सांगताना सुटे होतात. मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि कोणत्या प्रसंगाचं गाणं ते तुझ्या तोंडानं बोल, म्हणजे फायलीचं नाव हरवलं तरी माहिती आतच राहील. पंखा बंद कर. फोन घडी घातलेल्या गोधडीवर ठेव. लिहिताना 'ऱ्हायना' ऐकू आलं तर 'ऱ्हायना'च लिही, देवनागरीला ते पेलतं. आणि आत्यांना नीट विचार, की हे परक्या देशात ऐकवलं तर चालेल का. देवीचं गाणं आहे, त्यांचा शब्द शेवटचा. एक प्रत तुमच्याकडे ठेवा, एक इथे खानदेशात ठेवा. परदेशात जपलेलं गावात परत आलं नाही, तर गाव त्याला मुकतो.

नाना

---

प्रेषक: सुहास
बुधवार, ६ ऑगस्ट

थोडक्यात. मी कामानिमित्त तीन वर्षं मॉरिशसला होतो. तिथल्या भोजपुरी बायका लग्नाआधी ढोलक घेऊन 'गीत गवाई' करतात. उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांच्या लेकीसुना त्या. २०१६ साली युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. मला जास्त मोलाचं वाटलं ते हे, की बायकांनी गावागावांत त्याचे वर्ग सुरू केले आणि पोरी तिथे भोजपुरीतच शिकतात. शेजारच्या एका वर्गाला मी जाऊन बसलो होतो. शिकवणारी आजी एकेक ओळ म्हणायची आणि पोरी मागून म्हणायच्या. वहीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आपण ध्वनिफीत नुसती अंकाला जोडून न ठेवता कोजागिरीला वैशालीताईंनी बायकामुलांना ते गाणं बसवून द्यावं, अशी माझी सूचना.

---

प्रेषक: प्रकाश
गुरुवार, ७ ऑगस्ट

नानांचं पत्र दोनदा वाचलं. माझा मुद्दा मागे घेतो. डावीकडे अहिराणी, उजवीकडे अर्थ, अशी मांडणी मी स्वतः करीन. एकही अक्षर बदलणार नाही. जुन्या अंकातली तीन गाणीही मूळ रूपात पुन्हा छापू आणि खाली तशी स्पष्ट नोंद देऊ. वैशालीताई, 'न्ह' आणि 'ऱ्ह' कुठे येतात ते एकदा दूरध्वनीवर म्हणून दाखवा. मला ते माझ्या कानानं ऐकून मग टंकायचं आहे.

---

प्रेषक: वैशाली
शनिवार, ९ ऑगस्ट

प्रकाशदादा, खूप खूप आभार. नाना, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पंखा बंद, फोन गोधडीवर.

आज पौर्णिमा, शेवटचा रोट सकाळी दुधात कुस्करून संपवला. दुपारी आत्याकडे जाऊन बसले. परदेशात ऐकवू का, असं विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की कानबाई सुरतेला गेली, मुंबईला गेली, विमानात बसली तर काय बिघडलं. फक्त रस्त्यात, जेवणाच्या गर्दीत कुणी वाजवू नये. बसून ऐकावं. सुहासदादा, कोजागिरीला मी बसवून देईन, पण सगळ्यांनी खाली सतरंजीवर बसायचं आणि टाळी हातानं धरायची, ही आत्याची अट आहे.

मग तिनं सावकाश एकेक ओळ सांगितली, मी लिहीत गेले. 'आंडेर'पाशी आल्यावर तिनं माझ्या वहीकडे बघितलं. अक्षर तिला कळत नाही, तरी बोट ठेवून विचारलं, "लिखं का?" मी म्हटलं, लिहिलं.

मंडळाच्या शिस्तीप्रमाणे गायिकेचं नाव खाली घालायचं होतं. मी तिचं नाव लिहायला घेतलं तर तिनं माझा हात धरला.

"मनी मायनं नाव लिख," म्हणाली. "गानं तिनं शे."

वैशाली