अनुभव धागा: गादी कोणती घेतलीत, आणि पाठ काय म्हणते?

धागाकर्ता, नाशिक

मंडळी,

आमच्या काथ्याच्या गादीला यंदा बारा वर्षं झाली. मधोमध इतकी खोलगट झाली आहे की आपापल्या कडेला झोपलेले आम्ही दोघं पहाटे दरीत सापडतो. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर ह्यात रोमँटिक काही उरत नाही, नुसती कंबर धरते. दिवाळीत सासुरवाडीला, सटाण्याला, जमिनीवर घातलेल्या कापसाच्या गादीवर चार रात्री झोपलो. सकाळी मोजे घालायला वाकलो तर काही दुखेना. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय.

नाशिकमधली तीन दुकानं पालथी घातली. पहिल्याने 'ऑर्थो' दाखवली, दुसऱ्याने 'ऑर्थो प्लस', तिसऱ्याने आधी बजेट विचारलं. मी 86 किलो, कुशीवर झोपतो. बायको 54 किलो, पाठीवर झोपते. पलंग 78 बाय 72 इंची, खाली सामानाचा कप्पा, वर प्लायवूड. पंचवीस हजारांच्या आत बसवायचंय. तुम्ही काय घेतलंत, कुठे फसलात, वर्षभराने काय वाटतंय ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत, कौतुकालाही नकोत आणि शिव्यांनाही नकोत.

आमसूल, चिपळूण

गादीच्या आधी पलंगाचं बोलू. आमचाही असाच कप्प्याचा पलंग. मे महिन्यात सहा इंची फोमची गादी घेतली, झोप झकास. ऑगस्टमध्ये चादर बदलताना गादी सहज उचलली, तर खालच्या बाजूला आणि प्लायवर काळी बुरशी, शरीराच्या आकाराची! अंगाची ऊब आणि घाम वरून खाली जातो, खाली सपाट प्लाय, हवेला वाटच नाही, त्यात कोकणातला पाऊस. सुताराकडून प्लायला वीतभर अंतराने इंचभराची भोकं पाडून घेतली. आता पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून पंखा लावतो. काथ्याचीही तीच कथा, फक्त तिला वास आधी येतो.

गादीवाल्याची लेक, सोलापूर

आमच्या अब्बांचा गादी भरायचा धंदा, त्यांच्या आधी आजोबांचा. आजोबा कापूस पिंजायची धुनकी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचे. तातेचा टणत्कार ऐकला की बायका घरातून जुन्या गाद्या काढून ठेवायच्या. अब्बांनी पिंजायचं यंत्र घेतलं. त्यामुळे कापसाच्या गादीचं गुणगान मी करावं अशी अपेक्षा असेल, पण नाशिककर, तुमची गफलत होतेय. सटाण्याची ती गादी नुकती पिंजलेली असणार, जावयासाठी!

सहा बाय तीनच्या गादीत आम्ही नऊ-दहा किलो कापूस भरतो. नवी असताना ती अंग झेलते. पण कापूस दबतो. तुमच्या वजनाखाली दीड-दोन वर्षांत कंबरेच्या जागी पाट होईल, आणि कडेला गाठी सरकतील. मग टाके उसवून, कापूस काढून, पिंजून पुन्हा भरायचा. हे करायची तयारी असेल, दर पंधरवड्याला ऊन दाखवायला गच्ची असेल आणि गादी उलटायला घरात दोन माणसं असतील, तर कापसासारखी गादी नाही. घाम शोषते, उन्हाळ्यात तापत नाही, आणि वीस वर्षांनी तोच कापूस नव्या गादीपाटात जातो. फोमचं असं होत नाही. तो बसला की बसला.

घेणार असाल तर कापूस समोर भरून घ्या. तयार गादीत वरचा थर पांढरा आणि आत गिरणीतलं वेस्ट नाहीतर चिंध्या पिंजून केलेला रंगीबेरंगी माल असतो. कोपऱ्याचा टाका उसवून चिमूटभर ओढून बघा. चांगल्या कापसाचे तंतू बोटांत लांब येतात, चिंध्यांचा माल भुशासारखा तुटतो. सावरीचा कापूस उशीला उत्तम, पण गादीला नको, दोन महिन्यांत भाकरी होते.

टाक्यांबद्दलही सांगते, कारण हे कुणी विचारतच नाही. टाके दाट असले तर कापूस जागा सोडत नाही, पण गादी टणक होते. विरळ असले तर मऊ राहते आणि लवकर गोळा होते. अब्बा माणसाकडे बघून टाके घालायचे. लहान मुलाच्या गादीला विरळ, पहिलवानाच्या गादीला दाट.

संत्रासाल, नागपूर

मेमरी फोम घेतला होता ऑनलाइन. डिसेंबरात थंडीनं कडक व्हायचा, वाटायचं ओट्यावरच झोपलो. मे महिन्यात उलट, अंग आत रुतून चारही बाजूंनी गरम. हा फोम उबेनं मऊ होतो, त्याचा गुणच तो. पण आमच्याकडे पारा 45 वर गेला की ऊब वेगळी द्यावी लागत नाही भाऊ! कूलर अंगावर, पाठ भट्टीत. आता वर दीड इंची कापसाची गादी टाकली आहे. म्हणजे महागाची गादी खाली आणि आईनं दिलेली वर.

मणकामॅडम, पुणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोज एक तरी पेशंट म्हणतो, "पाठ दुखते म्हणून कडक गादी घेतली, आता खांदाही दुखतो."

कडक म्हणजे पाठीला चांगली, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलाय. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या 313 रुग्णांवर ह्याची चाचणी झाली होती, 2003 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम कडक, कुणाला कोणती ते सांगितलं नाही. 90 दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांची दुखणी जास्त कमी झालेली दिसली. फळीवर झोपायचा सल्ला ऐकत मोठी झालेली आपली पिढी हे सहज मान्य करत नाही. माझे वडील तर मुळीच नाहीत.

कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कुल्ला थोडे आत जायला हवेत, नाहीतर कंबर अधांतरी राहते. पाठीवर झोपणाऱ्याला तेवढं नको, त्याचा मध्यभाग खाली जाता कामा नये. त्यामुळे तुम्हाला दोघांना एकच गादी सोसेल असं मला वाटत नाही. दुकानात बूट काढून, रोजच्यासारखे, निदान पंधरा मिनिटं पडा. विक्रेता शेजारी उभा राहून बोलत असेल तर त्याला चहा प्यायला पाठवा. कुशीवर पडल्यावर वहिनींना मागून फोटो काढायला सांगा, मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ दिसली पाहिजे. पाठीवर पडून कंबरेखाली हात घाला. आरपार सुळकन गेला तर गादी कडक, शिरतच नसेल तर फार मऊ.

आणि 'ऑर्थोपेडिक' हा शब्द कुणा अस्थिरोगतज्ज्ञाने दिलेला शिक्का नसतो. तो शिवणयंत्रावर चिकटवलेला बिल्ला असतो.

किलोग्रॅम, पिंपरी

मॅडमच्या शेवटच्या वाक्याला जोड देतो. काही वर्षं फोमच्या कारखान्यात होतो. '32 डेन्सिटी', '40 डेन्सिटी' म्हणतात ते एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्याचा कडकपणाशी थेट संबंध नाही, टिकाऊपणाशी आहे. 40चा फोमही मऊ करता येतो आणि 20चा कडक. कमी डेन्सिटीचा कडक फोम दुकानात मस्त वाटतो आणि दोन वर्षांत बसतो.

तपासायचा सोपा उपाय वजनकाटा. 78 बाय 36, सहा इंच जाड, पूर्ण एकाच फोमची गादी असेल तर 32 डेन्सिटीची जवळपास 9 किलो भरायला हवी, 40ची 11. वर कापडाचं वजन धरा. सांगितलं 40 आणि भरली 7, तर नमस्कार करून निघा. अपवाद एकच. चुरा चिकटवून केलेला रिबॉन्डेड फोम भलताच जड असतो. चेन उघडून बघा, रंगीत ठिकऱ्यांची चिक्की दिसेल. बऱ्याच 'ऑर्थो' गाद्यांच्या पोटात हीच चिक्की असते. आधाराच्या थराला ती वाईट नाही, पण वर पातळ फोम असेल तर कुशीवाल्याचा खांदा रडणार.

चटईबहाद्दर

एवढा खल? सतरंजी टाका आणि झोपा. आमची अख्खी पिढी झोपली.

पैलतीर, सांगली

चटईबहाद्दर, झोपायचं जमतं हो, उठायचं कोण? माझं वय 69, दोन्ही गुडघे बोलतात. मुलाने प्रेमाने आठ इंची स्प्रिंगची गादी आणली. आमचा शिसवी पलंग मुळातच उंच. त्यावर आठ इंच चढल्यावर मी कडेला बसले की पाय लोंबकळायचे, शाळेतल्या बाकावर बसल्यासारखे. रात्री बाथरूमला उतरताना एकदा घसरलेच. शेवटी पलंग धाकट्या नातवाला दिला आणि मला बुटका करून घेतला. बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, एवढंच माप धरलं. गादीची कडही बघा. नुसत्या मऊ फोमची कड बसल्यावर खाली जाते आणि माणूस पुढे ढकललं जातं. तरुणपणी हे कुणाच्या लक्षात येत नाही.

रात्रपाळी, डोंबिवली

आमचा अनुभव वेगळ्या गादीचा आहे. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, पाच महिने अंथरुणाला होते. आम्ही जास्तीत जास्त मऊ गादी घातली, त्यांना बरं वाटेल म्हणून. पंधराव्या दिवशी माकडहाडावर लाल चट्टा. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी आधी आम्हाला झापलं, मग हवेची गादी आणायला लावली. तिचे कप्पे पंपाने आलटून पालटून भरतात आणि रिकामे होतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही. भाड्याने मिळते. ती नेहमीच्या सपाट गादीवर पसरायची. पण ही गादी आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही, दर दोन तासांनी आम्ही पाळीने उठायचो. वीज गेली की गादी हळूहळू बसायची, मग कोण आधी जागं होतंय ते बघायचं. चट्टा भरून आला. पंपाची ती घरघर मला अजून कधी कधी रात्री ऐकू येते.

सदाशिवपेठी, मुक्काम स्टुटगार्ट

मणकामॅडम म्हणतात ते जर्मन लोकांनी कधीच मान्य केलंय. इथे डबलबेडवर दोन स्वतंत्र गाद्या असतात, बहुधा 90 बाय 200 सेंटिमीटरच्या, आणि दोन पांघरुणं. वजनाप्रमाणे कडकपणाचा आकडा, एच 2, एच 3 वगैरे. नवऱ्याची एच 3, बायकोची एच 2, भांडण नाही. खाली प्लाय नाही, लाकडी पट्ट्यांची चौकट असते, त्यामुळे आमसूल यांचा बुरशीचा प्रश्नही बराचसा सुटतो. मधल्या फटीला इथे 'पाहुण्याची फट' म्हणतात. आमचा चार वर्षांचा पाहुणा रोज रात्री तिच्यात अडकतो.

शंभररात्री, ठाणे

'शंभर रात्री झोपून बघा, नाही आवडली तर परत करा' वाली गादी घेतली. गुंडाळून खोक्यात आली. प्लास्टिक कापल्यावर एका रात्रीत फुगली, वास मात्र आठवडाभर गेला नाही. चाळिसाव्या रात्री ठरवलं, परत. न्यायला आलेल्या माणसाने उलटून पालटून पाहिली आणि हळदीच्या दुधाच्या एका डागावर बोट ठेवलं. डागाची गादी परत घेत नाहीत म्हणे. पावतीमागच्या बारीक अक्षरांत खरंच होतं. तेव्हा पहिल्याच रात्री पाणी न झिरपणारं कव्हर घाला. दहा वर्षांची वॉरंटी असली तरी किती इंच खड्डा पडल्यावर ती लागू होते तेही वाचा. आमच्या कागदावर एक इंच होता. पाऊण इंच खड्डा म्हणजे तुमचं नशीब.

आता त्या गादीवर पाहुणे झोपतात. कुणी दुसरी रात्र राहत नाही, हा फायदाच.

धागाकर्ता, नाशिक

सगळ्यांचे आभार. काल गादी आली. म्हणजे गाद्या आल्या, दोन. 78 बाय 36 च्या, दोन्ही सहा इंची. माझ्या गादीत खाली 40चा फोम आणि वर दोन इंच लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, हिची सरळ एकाच फोमची, थोडी कडक. मिळून साडेतेवीस हजार. लॅटेक्स भयंकर जड निघाला, जिन्यातून वर आणताना तिघं लागलो. दुकानदाराला वजनकाटा मागितला तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पेढे घ्यायला आलोय, पण दिला. हिची कापडासकट 13 किलो भरली. किलोग्रॅमसाहेब, हिशेब बरोबर ना?

एक घोटाळा मात्र झालाच. सुताराने केलेला पलंग आतून 78 नाही, साडेसत्त्याहत्तर निघाला. गाद्या पायथ्याशी किंचित वर उचललेल्या आहेत. घेण्याआधी टेप लावा, आणि आतून लावा.

प्लायला भोकं रविवारी पाडतोय. मधली फट एका मोठ्या चादरीखाली झाकली आहे. बायको म्हणाली, दरी गेली आणि सीमारेषा आली.

आता प्रश्न जुन्या गादीचा. जिन्यात उभी आहे, भंगारवाला हात लावत नाही, घंटागाडीवाला मोठी आहे म्हणतो. शेजारची मांजर परवापासून त्या खड्ड्यात झोपते आहे. नाशिकमध्ये काथ्याची गादी कुणी नेतं का?