एमपी३ वरून ऑडिओ सीडी: ट्रॅकमध्ये गॅप, सांध्यावर ‘टक्’, तानांना खरखर

कोमल_निषाद:
मैफिलीचं रेकॉर्डिंग सीडीवर घ्यायचंय. विलंबित, द्रुत आणि तराणा एमपी३ ३२० केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झ; भैरवी मात्र एम४ए, ४८ किलोहर्ट्झ. एकूण ७६ मिनिटं. प्लेअर जुना, त्यामुळे डेटा सीडी चालत नाही. अडचणी अशा:
१) विलंबित संपून द्रुत सुरू होताना दोन सेकंद शांतता, तंबोरा चक्क तुटतो.
२) गॅप शून्य केला तरी सांध्यावर ‘टक्’.
३) तारसप्तकातल्या तानांना खरखर. संगणकावर आवाज कमी ठेवला की ती नसते.
आधी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवणारा फाइल-प्रकार) बदलून घेतलं तर दर्जा सुधारेल का?

ध्वनिवेडा:
फ्लॅकचा काही उपयोग नाही. एमपी३ करताना जे टाकून दिलं ते परत येत नाही. आयोजकांकडे मूळ वेव्ह (न दाबलेली ऑडिओ फाइल) असेल तर आधी ती मागा.

गॅपचं कारण ‘ट्रॅक ॲट वन्स’. त्यात प्रत्येक ट्रॅकनंतर लेसर बंद होतो. ‘डिस्क ॲट वन्स’ निवडा, त्यात सगळी डिस्क न थांबता एका दमात लिहिली जाते.

‘टक्’ची कारणं दोन. एमपी३ एनकोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटवतो. लेम नावाच्या एनकोडरने केलेल्या फाइलमध्ये ती किती, याची नोंद असते. फूबार२००० हा संगणकावरचा प्लेअर ती वाचून शांतता छाटतो, बरेच प्रोग्राम छाटत नाहीत. दुसरं म्हणजे सीडीवरचा ऑडिओ ५८८ सॅम्पलच्या (आवाजाच्या सुट्या नोंदींच्या), म्हणजे १/७५ सेकंदाच्या, तुकड्यांत लिहिला जातो. फाइल मधेच संपली तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. एरवी ते कळतही नाही, पण अखंड तंबोऱ्यात लगेच कानाला लागतं.

म्हणून चारही फाइलींची एकच वेव्ह करा. फूबारच्या कन्व्हर्टरमध्ये रिसॅम्पलर (किलोहर्ट्झ बदलणारा) ४४१०० वर, आउटपुट ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट (यात शिखरं कापली जात नाहीत), आणि सगळे ट्रॅक एका फाइलीत जोडण्याचा पर्याय.

आता खरखर. डीकोड केल्यावर एमपी३ची शिखरं शून्य डीबीच्या, म्हणजे सीडीच्या कमाल पातळीच्या, वर जाऊ शकतात. १६ बिट करताना ती सपाट कापली जातात. पीक (सर्वात उंच शिखराचा आकडा, १ म्हणजे शून्य डीबी) १.१२ दिसला तर ते साधारण १ डीबी वर आहे. जोडलेली फाइल ऑडॅसिटीत (ऑडिओ संपादनाचा प्रोग्राम) उघडा, पूर्ण निवडून १.५ डीबीने खाली आणा आणि मगच १६ बिट स्टीरिओ वेव्ह एक्सपोर्ट करा. ट्रॅकगणिक नॉर्मलाइझ (प्रत्येकाचा आवाज सारख्या पातळीवर आणणं) अजिबात नको, विलंबित द्रुतच्या बरोबरीने गर्जायला लागेल.

क्यूशीट_काका:
एक वेव्ह झाली की ट्रॅक पाडायला क्यू फाइल, म्हणजे कुठला ट्रॅक कधी सुरू होतो याची यादी, लागते. साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते. बहुतेक जण चुकतात ते वेळेच्या तिसऱ्या आकड्यात: ते शतांश सेकंद नसून फ्रेम (१/७५ सेकंदाचे तुकडे) असतात, ०० ते ७४. द्रुत ३८ मिनिटं १२.४ सेकंदांवर सुरू होत असेल तर ३८:१२:३० लिहायचं, कारण ०.४ × ७५ = ३०. ३८:१२:४० लिहिलंत तर ट्रॅक ०.१३ सेकंद उशिरा सुरू होईल आणि बंदिशीचं पहिलं अक्षर मागच्या ट्रॅकमध्ये जाईल. फाइलचं नाव आणि आकडे रोमनमध्येच ठेवा. इमेजबर्न (ImgBurn) या डिस्क लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये ही क्यू उघडून बर्न करा.

जुना_डेक:
सीडी-आरच घ्या. सीडी-आरडब्ल्यूचं परावर्तन फार कमी असतं, जुने लेसर ती ओळखतच नाहीत. ८० मिनिटांची डिस्क पुरेल. ऑडिओ सीडीला मिनिटं मोजायची, एमबी नाही. वेग १६ पट ठेवा. १ पटाने उत्तम होतं हे जुन्या डिस्कांबद्दल ठीक होतं, आताच्या डिस्कांचा रंगथर जास्त वेगासाठी बनवलेला असतो. कागदी लेबल चिकटवू नका, तोल जातो.

कोमल_निषाद:
ऑडॅसिटीत एक्सपोर्टच्या वेळी डिदर (१६ बिट करताना मिसळला जाणारा अगदी बारीक गोंगाट) चालू ठेवू का? एमपी३ला गरज नाही म्हणतात.

ध्वनिवेडा:
मोठ्या आवाजाच्या गाण्यात फरक कळणार नाही, हे खरं. तुमच्याकडे भैरवीनंतर तंबोरा हळूहळू विरत जातोय, तिथे कळू शकतो. चालू ठेवा, तोटा काही नाही. बर्न करण्याआधी वेव्हमधले तिन्ही सांधे हेडफोनवर ऐका. भैरवीच्या आधी टाळ्या तुटल्यासारख्या वाटल्या तर एम४एच्या सुरुवातीची शांतता छाटली गेलेली नाही. ती ऑडॅसिटीत हाताने काढा आणि क्यूमधली भैरवीची वेळ तेवढी मागे घ्या.