मायक्रोवेव्हमध्ये कस्टर्ड फाटतंय, संध्याकाळच्या आत मदत हवी आहे

हिरवाचाफा
कस्टर्ड मायक्रोवेव्हमध्ये करतेय. दर वेळी कडेला गुठळ्या आणि मधे पाणी. कृतीत लिहिलंय तसंच सगळं केलंय, हायवर ४ मिनिटं. गॅस नाहीये, त्यामुळे "गॅसवर करा" हे कृपया कुणी सांगू नका. रात्री आठला लोक जेवायला येणार आहेत. केक तयार आहे, त्यावर ओतायला हेच हवंय. सोबत चॉकलेट सॉसही करायचाय, तो मागे एकदा आळून पार गोळा झाला होता. प्लीज लवकर सांगा.

वातकुक्कुट
किती वॉटचा आहे? दूध किती? भांडं कसलं? मधे ढवळता का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग नेमकं काय सांगायचं?

पाऊसवेडी
अगं, कस्टर्ड पावडर थंड दुधातच कालवायची. गरम दुधात थेट टाकलीस की तिच्या बाहेरच्या थराला लगेच चिकटपणा येतो आणि आतली पावडर कोरडीच राहते, त्याच गुठळ्या. पाव कप थंड दूध बाजूला काढ, त्यात पावडर एकजीव कर, बाकीचं दूध साखर घालून चांगलं तापव, मग धार धरून ओत आणि दर मिनिटाला बाहेर काढून ढवळ. माझं कधी बिघडत नाही.

हिरवाचाफा
८०० वॉट. काचेचा मोठा बाउल. ढवळते मधे. दूध नेहमीचंच.

वातकुक्कुट
नेहमीचंच म्हणजे किती? "मधे" म्हणजे कधी? एकदा की चारदा?

गणितमास्तर
८०० हा आकडा कुठे वाचलात? मागच्या पट्टीवर दोन आकडे असतात, एक यंत्र वीज किती खेचतं त्याचा आणि दुसरा पदार्थाला प्रत्यक्ष किती मिळते त्याचा. बरेच जण पहिलाच वाचतात आणि मग कृतीतल्या वेळा जुळत नाहीत. खात्री करायची तर एक लिटर साधं पाणी घ्या, तापमान मोजा, हायवर बरोबर एक मिनिट ठेवा, बाहेर काढून ढवळा आणि पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणलं की वॉट मिळतात. ११ अंश वाढले तर साधारण ७७०. थर्मामीटर आत ठेवून यंत्र सुरू करू नका.

हिरवाचाफा
पाणी मोजत बसायला वेळ नाहीये हो. पट्टी बघितली. इनपुट १२५०, आउटपुट ८००. म्हणजे ८०० च.

शेवटचंपान
चॉकलेटचं मी सांगते. गोळा होतो तो पाण्यामुळे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये अगदी थोडं पाणी गेलं, ओला चमचा म्हणा किंवा झाकणावरून पडलेला वाफेचा थेंब, की साखर आणि कोको ते पाणी ओढून घेतात आणि सगळं आवळून येतं. गंमत म्हणजे त्यावर उपाय पाणीच आहे, फक्त जास्त. कडकडीत गरम दूध किंवा क्रीम चमचा-चमचा घालून घोटत राहा, परत सैल होतं. सॉस म्हणून ते उत्तम चालतं, साच्यात घालून वडी पाडायला मात्र चालत नाही.

आणखी एक. मायक्रोवेव्हमध्ये चॉकलेट वितळलं तरी तुकड्यांचा आकार तसाच दिसतो. वितळलं नाही असं समजून लोक वेळ वाढवतात आणि आतून करपतं. अर्ध्या शक्तीवर ३० सेकंद, ढवळायचं, परत ३० सेकंद. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबायचं, ते ढवळताना विरघळतात. पण मला विचाराल तर सॉससाठी चॉकलेट आत ठेवूच नका. १०० मिली क्रीम वाफा येईपर्यंत तापवा, १०० ग्रॅम बारीक चिरलेल्या डार्क चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळत या. झाला सॉस.

हिरवाचाफा
हे जमेल, धन्यवाद. आता कस्टर्डचं सांगा.

निवांत७
चॉकलेटचा विषय निघालाच आहे तर मगमधला केक करून बघा. ४ चमचे मैदा, २ चमचे कोको, ३ चमचे साखर, चिमूटभर बेकिंग पावडर, ३ चमचे दूध, २ चमचे तेल, सगळं मगमध्येच कालवायचं आणि हायवर सव्वा मिनिट. वरचा भाग किंचित ओलसर असतानाच बाहेर काढायचा. मुलं खूश होतात.

वातकुक्कुट
निवांत, केक त्यांच्याकडे तयार आहे. पहिल्या पोस्टमध्येच लिहिलंय.

पाऊसवेडी
पावडर थंड दुधात कालवून बघितलीस का? दुधाच्या प्रत्येक कपाला एक सपाट मोठा चमचा पावडर. ओतायचं असेल तर जराशी कमी घे.

हिरवाचाफा
पावडर नाहीये, पावडर असं मी कुठेच म्हटलं नाही. अर्धा लिटर दूध, ४ अंड्यांचे बलक, ७५ ग्रॅम साखर, व्हॅनिला. सगळं एकत्र फेटायचं आणि ४ मिनिटं हाय. दोन मिनिटांनी एकदा ढवळायचं. कृतीत एवढंच आहे.

कडेलोट
आत्ता कळलं. हे अंड्याचं कस्टर्ड आहे आणि यात स्टार्च अजिबात नाही, म्हणून वर पावडरचं जे सांगितलंय ते इथे लागू नाही. तुमच्या गुठळ्या म्हणजे शिजून आवळलेलं अंडं.

नुसता बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट व्हायला लागतो. दूध आणि साखर मिसळली की हा आकडा वर सरकतो. असं कस्टर्ड ८० ते ८३ अंशांवर छान दाट होतं आणि ८५ ओलांडलं की फाटायला लागतं. हातात जेमतेम दोन-चार अंश आहेत. मायक्रोवेव्हच्या लहरी पदार्थात काही सेंटिमीटरच खोल जातात, त्यामुळे मोठ्या बाउलमध्ये कड भराभर तापते आणि मधला भाग मागे राहतो. कड नव्वदला, मध साठला. गुठळ्या आणि पाणी एकाच भांड्यात दिसतं ते यामुळे.

गणितमास्तर
आता हिशोब लागतो बघा. ८०० भागिले ७० म्हणजे एक लिटर मिनिटाला साधारण ११.४ अंश. अर्धा लिटर म्हणजे मिनिटाला जवळपास २३. चार मिनिटांत ९०. दूध फ्रिजमधून काढलं असेल तर थोडी उष्णता वाया गेली असं धरूनही नव्वदच्या आसपास पोचतं. म्हणजे ८०० वॉटवर ही कृती फाटणारच. लिहिणाऱ्याचं यंत्र कमी ताकदीचं असणार, आणि वॉट न लिहिता नुसती मिनिटं देणारी कृती निम्मीच असते. म्हणून मी तो आकडा विचारत होतो.

हिरवाचाफा
बरं, मग करू काय? साडेपाच वाजले.

कडेलोट
बलक आणि दूध एकत्र तापवू नका.

दूध एकटं तापवा. उंच जग असेल तर तो घ्या, दुधाच्या निदान दुप्पट मापाचा. तीन-साडेतीन मिनिटं, वाफा दिसायला लागल्या की बास, उकळायचं नाही. तेवढ्यात बलक आणि साखर दुसऱ्या भांड्यात फिकट रंग येईपर्यंत फेटा. गरम दूध बारीक धारेने बलकावर ओता, दुसऱ्या हाताने फेटणं थांबवू नका. सगळं गाळणीतून परत जगमध्ये. या टप्प्याला मिश्रण सत्तरच्या आसपास असतं, म्हणजे वर चढायला फक्त दहा-बारा अंश उरतात. तुमच्या यंत्रात ते काम पूर्ण शक्तीवर अर्ध्या मिनिटाचं आहे! चार मिनिटांचं नाही. म्हणून १० सेकंद, बाहेर काढून कडा आणि तळ खरवडत ढवळा, परत १० सेकंद.

वरच्या फेसाकडे लक्ष ठेवा. फेटल्यामुळे आलेले बारीक बुडबुडे दाट व्हायच्या जरा आधी विरत जातात आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसायला लागतो. तिथून पुढे पाच-पाच सेकंदच. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या कडा ओघळल्या नाहीत तर झालं. लगेच दुसऱ्या गार भांड्यात ओता, कारण जाड काच तापलेली असते आणि बाहेर काढल्यावरही ती कस्टर्ड शिजवत राहते.

वातकुक्कुट
पूर्ण शक्ती कशाला? अंड्याला कायम ५० टक्के किंवा ३० टक्के. प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत असंच असतं.

कडेलोट
वातकुक्कुट, तेच पटत नाही. बहुतेक साध्या यंत्रांत ५० टक्के म्हणजे हळू आच नव्हे. यंत्र पूर्ण शक्तीने चालतं, मग बंद पडतं, परत पूर्ण शक्तीने चालतं. कान देऊन ऐका, थाळी फिरत असते पण घरघर मधेच बदलते. हे चक्र पंधरा-वीस सेकंदांचं असलं आणि तुम्ही दहाच सेकंद लावले, तर ते दहाही पूर्ण शक्तीचे असू शकतात किंवा सगळे नुसते फिरण्याचे. काय मिळालं ते कळतच नाही. इतक्या छोट्या वेळांना पूर्ण शक्ती लावावी आणि विश्रांती आपण ढवळून द्यावी, त्यात अंदाज राहतो. इन्व्हर्टरवालं यंत्र असेल तर तुमचं बरोबर, त्यात शक्ती खरोखर कमी होते.

वातकुक्कुट
ढवळायला विसरलं तर? नवीन माणसाला कमी शक्तीच सुरक्षित. मी तरी पूर्ण शक्तीवर अंडं ठेवणार नाही.

पाऊसवेडी
मला अजूनही वाटतं, दोन चमचे कॉर्नफ्लोअर घाल आणि मोकळी हो. स्टार्च असला की अंडं एवढ्या लवकर आवळत नाही, उकळी आली तरी चालतं. मी पांढरा सॉसही असाच करते. २ चमचे लोणी अर्धा मिनिट वितळवायचं, २ चमचे मैदा घालून मिनिटभर, मग एक कप दूध, आणि एकेक मिनिटाने फेटत तीन-चार मिनिटांत तयार. स्टार्च माणसाला चुकायला जागा देतो. पाहुणे दारात असताना तीच हवी.

कडेलोट
पाऊसवेडी, तुमचं पटतं, फक्त एक अट. कॉर्नफ्लोअर आणि बलक एकत्र असतील तर बुडबुडे येईपर्यंत उकळायलाच हवं. बलकात स्टार्च तोडणारं एक एन्झाइम असतं. ते उष्णतेने मेलं नाही तर आत्ता दाट दिसणारं कस्टर्ड फ्रिजमध्ये पातळ होतं. म्हणजे नुसतं अंडं असेल तर उकळी नको, आणि कॉर्नफ्लोअर असेल तर उकळी हवीच. दोन्हींच्या मधे थांबलात की घोळ. केकवर ओतायचंय म्हणून मी स्टार्चशिवायचंच सांगेन, त्याची धार रेशमी पडते.

निवांत७
पावडरवरून आठवलं. कस्टर्ड पावडरमध्ये अंडं नसतंच. इंग्लंडमधल्या अल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती काढली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि कस्टर्ड तर आवडायचं. कॉर्नफ्लोअर, रंग आणि सुवास. एका माणसासाठी केलेली गोष्ट इतक्या घरांत पोचली याचं मला फार अप्रूप वाटतं.

शेवटचंपान
कस्टर्डऐवजी कॅरॅमल सॉस केला तर? साखर आणि थोडं पाणी, हायवर चार-पाच मिनिटं, मग क्रीम. अंड्याची भानगडच नको.

गणितमास्तर
घाईत तर अजिबात नको. कॅरॅमलला साखर १६० अंशांच्या वर जाते, पाण्याच्या उकळीपेक्षा कितीतरी वर. प्लॅस्टिकचं भांडं त्यात वितळू शकतं, काचही ओव्हनला चालणारीच लागते. रंग बराच वेळ येत नाही आणि आला की काही सेकंदांत काळा होतो, तोही दाराच्या जाळीतून नीट दिसत नाही. वर क्रीम घातलं की उसळतं. वेळ असेल त्या दिवशी, हातात जाड मोजे घालून करा.

हिरवाचाफा
कडेलोट, तुमच्या पद्धतीने केलं. जग नव्हता, उभट काचेची बरणी घेतली, ओव्हनला चालणारी. दूध वेगळं तापवलं, गाळलं, मग दहा-दहा सेकंद. बुडबुडे खरंच विरले. रेघ राहतेय! तळाशी दोन-तीन बारीक कण दिसतात फक्त. आता आठपर्यंत ठेवायचं कसं? आणि वाढताना परत गरम करू का?

कडेलोट
कण आहेत तर आत्ताच, कोमट असताना परत एकदा गाळा. जास्त असते तर मिक्सरमधून हलकंसं फिरवून गाळायला सांगितलं असतं, तुम्हाला तेवढी गरज दिसत नाही. गाळल्यावर वर बटर पेपर किंवा क्लिंग फिल्म अगदी पृष्ठभागाला टेकेल अशी लावा, मधे हवा राहिली की साय धरते. आठला अजून तासाभरापेक्षा जास्त आहे, तेव्हा वाफ गेली की फ्रिजमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये परत गरम करू नका, इतका वेळ सांभाळलेले अंश पाच सेकंदांत जातील. कोमट हवं असेल तर वाढण्याआधी भांडं गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून ढवळा. गारही छान लागतं.

पाऊसवेडी
आणि पांढऱ्या सॉससारखं दाट हवं झालं तर मला विचार, उरलेल्या दुधात कॉर्नफ्लोअर कालवून पाच मिनिटांत सांगते.

वातकुक्कुट
आता त्याची गरज नाही, पाऊसवेडी. हिरवाचाफा, ती कृती जिथे वाचलीत तिथे खाली ८०० वॉटला चार मिनिटं जास्त होतात असं लिहून या. पुढच्या माणसाचं दूध वाचेल.

हिरवाचाफा
लिहिते. गाळलं, आता एकही कण नाही. क्रीम तापत ठेवलंय, चॉकलेट चिरायला घेते.