मदत हवी आहे: लेकीचा एकहाती बॅकहँड बदलायचा का? (बेल्जियमची टेनिसपटू जस्टिन हेनिन, तिचा खेळ जवळून पाहिलेल्यांनी कृपया सांगा)

नमस्कार मंडळी,

माझी लेक १३ वर्षांची आहे आणि पाच वर्षांपासून टेनिस खेळतेय. बॅकहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या उलट बाजूला आलेल्या चेंडूवरचा फटका, ती एका हाताने मारते. गेल्या महिन्यात तिच्या सरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "आता दोन्ही हातांवर यायचं. पुढच्या मोसमाच्या आत बदललं नाही, तर मग फार उशीर होईल." मला या महिनाअखेर त्यांना उत्तर द्यायचंय. सर मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण निर्णय होत नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. गावाकडे आम्ही होतो तेव्हा मातीच्या कोर्टवर एक आजोबा मुलांना शिकवायचे. ते सगळ्यांना आधी स्लाइस (चेंडू खालून कापून मारायचा, कमी उसळणारा फटका) शिकवत, तोही एका हाताने. त्यामुळे तिथे चेंडू तिच्या कमरेच्या वर फारसा यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्यात आलो. इथे हार्ड कोर्ट, आणि समोरच्या मुली जोरदार टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरकी देऊन उंच उसळवणारा फटका) मारणाऱ्या. चेंडू थेट हिच्या खांद्यापाशी उडतो. ही उंचीने लहान. मागच्या दोन स्पर्धांमध्ये समोरच्या मुलीने फक्त एवढंच केलं: प्रत्येक चेंडू उंच, बॅकहँडवर. दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत हरली.

आता हेनिन मध्ये का आली ते सांगते. २००३ साली मी कॉलेजच्या हॉस्टेलवर होते. अमेरिकन ओपनची हेनिन विरुद्ध कॅप्रियाती उपांत्य लढत आपल्याकडे शनिवारी सकाळी संपली, तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. टीव्हीच्या खोलीत आम्ही चौघीच होतो. ४-६, ७-५, ७-६. कॅप्रियाती अकरा वेळा विजयापासून दोन गुणांवर येऊन थांबली. पायात गोळे आलेली हेनिन तरीही प्रत्येक चेंडूमागे धावत होती. सामन्यानंतर तिला सलाइन लावावी लागली, आणि दुसऱ्याच दिवशी तिने अंतिम सामन्यात क्लायस्टर्सला ७-५, ६-१ असं हरवलं. त्या दिवसापासून मी तिचा सामना शक्यतो चुकवला नाही.

उंची जेमतेम साडेपाच फूट. समोर व्हीनस, डेव्हनपोर्ट, शारापोव्हा, सगळ्या सहा फुटांच्या वर. त्यांच्यासमोर हिने चार वेळा फ्रेंच ओपन जिंकली (२००३, २००५, २००६, २००७), दोनदा अमेरिकन, एकदा ऑस्ट्रेलियन, शिवाय अथेन्सचं ऑलिंपिक सुवर्ण. त्या ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात मिस्किनाविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये १-५ अशी मागे होती, तिथून ८-६ ने जिंकली. २००७ साली तर फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या तिन्ही स्पर्धांच्या उपांत्यपूर्व फेरीत सेरेनाला हरवलं. ११७ आठवडे ती जगात पहिली होती. फ्रेंच ओपनच्या लाल मातीवर चेंडू किती उंच उडतो! म्हणजे उंच चेंडूचा प्रश्न हिच्यापुढेही रोज असणारच. मग तो ती सोडवायची कशी? माझा मुख्य प्रश्न हाच.

मला जे दिसायचं ते असं: चेंडू येताना ती इतकी वळायची की पाठ जवळजवळ समोरच्या खेळाडूकडे व्हायची. डावा हात रॅकेटच्या गळ्याशी शेवटपर्यंत. मग सबंध खांदा उलगडायचा आणि डावा हात मागे जायचा, जणू पंख पसरल्यासारखा. फटका मारताना कधी कधी पाय जमिनीवरून सुटलेले असायचे. पण मी टेनिस कधी खेळले नाही. यातलं काय महत्त्वाचं आणि काय नुसतं डोळ्यांना सुंदर, हे मला ओळखता येत नाही.

आणखी एक गोष्ट, ती मनात सलते म्हणून लिहिते. हेनिनला तिच्या आईने १९९२ साली रोलाँ गारोसवर, म्हणजे फ्रेंच ओपनच्या मैदानावर, नेलं होतं, ग्राफ आणि सेलेसचा अंतिम सामना बघायला. एक दिवस मी इथे खेळेन, असं ती आईला म्हणाली होती. हेनिन बारा वर्षांची असताना आई कॅन्सरने गेली. २००३ ला पहिल्यांदा तिथे जिंकल्यावर तिने विजय आईला अर्पण केला, तेव्हा मी हॉस्टेलवर रडले होते. आता मीच आई आहे आणि लेकीला हेनिनचे जुने सामने दाखवत असते. तिला हा फटका खरंच हवाय की मला हवाय म्हणून ती धरून बसलीये? विचारलं तर म्हणते, "आई, मला हाच आवडतो." पण हे ती माझ्यासाठी म्हणते का, ते कळत नाही.

(हेनिनचं सगळंच मला पटतं असं नाही. २००३ च्या फ्रेंच उपांत्य सामन्यात सेरेना सर्व्हिस करताना हिने 'मी तयार नाही' असा हात वर केला आणि तेव्हा पंचांसमोर ते कबूल केलं नाही. ते चूकच होतं आणि लेकीलाही मी तसंच सांगितलंय.)

तर प्रश्न:
१. कमी उंचीच्या मुलीने खांद्यावर येणारा चेंडू एकहाती कसा खेळायचा? त्याचा सराव घरच्या घरी काय करून घेता येईल?
२. तेराव्या वर्षी बदल केला तर साधारण किती काळ खेळ विस्कळीत राहतो?
३. हेनिनचं कोपर २०१० मध्ये दुखावलं आणि २०११ च्या सुरुवातीला तिला खेळ सोडावा लागला. त्याला हा फटका कारणीभूत होता का?

प्रतिसाद १

ताई, मी राज्य पातळीवर खेळलोय आणि आता लहान मुलांना शिकवतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. नाही. ती विम्बल्डनमध्ये क्लायस्टर्सविरुद्ध खेळताना घसरून पडली, त्यात उजव्या कोपराचा अस्थिबंध दुखावला. टेनिस एल्बो, म्हणजे फटक्यांच्या ताणाने होणारं कोपराचं दुखणं, वेगळा. तो हौशी लोकांना होतो, कारण ते चेंडू उशिरा घेतात आणि मनगट वाकवून मारतात. लेकीचं मनगट फटक्याच्या क्षणी घट्ट राहतंय ना, एवढं बघा.

आता उंच चेंडू. हेनिन तो खांद्यापर्यंत येऊच द्यायची नाही, शक्य असेल तेव्हा. पुढे पाऊल टाकून चेंडू उसळी घेत असतानाच घ्यायची. ते जमलं नाही तर मागे सरकून चेंडू खाली येऊ द्यायचा. तेही नाही जमलं तर स्लाइस, खोल आणि खालून जाणारी. आणि चौथी गोष्ट लोक विसरतात: बॅकहँडच्या बाजूला आलेले कितीतरी चेंडू ती वळसा घालून फोरहँडने (रॅकेटच्या हाताच्या बाजूच्या फटक्याने) मारायची. तुम्हाला बॅकहँड आठवतो, पण तिचं खरं भांडवल होतं पाय. म्हणून तो फटका जमायचा. तुम्ही लिहिलेलं खांद्याचं वळण महत्त्वाचं, डाव्या हाताचं मागे जाणंही महत्त्वाचं, कारण त्याने छाती लवकर उघडत नाही. पाय सुटणं मात्र शिकवायचं नसतं, ते जोरामुळे आपोआप होतं.

एकहातीत चेंडू शरीराच्या बराच पुढे भेटावा लागतो. दुहातीत थोडा उशीर खपतो, इथे नाही. सरांना हीच काळजी असणार. सर्व्हिस परतवताना तर आणखी वेळ कमी.

प्रतिसाद २

सरांची बाजूही मांडते. हेनिन अपवाद होती. तिच्या काळात मॉरेस्मो होती, नंतर स्कियावोने, पण आज महिलांमध्ये असे फटके मारणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुरुषांमध्येही २०२४ च्या फेब्रुवारीत पहिल्या दहांत एकही एकहाती उरला नव्हता. आणि हेनिनला विम्बल्डन कधीच मिळालं नाही. २००७ च्या उपांत्य सामन्यात पहिला सेट ६-१ जिंकूनही ती बार्तोलीकडून हरली. बार्तोली तर फोरहँडसुद्धा दोन्ही हातांनी मारायची!

"उशीर होईल" याबद्दल मात्र वेगळं मत. जर्मनीची टाटियाना मारिया आधी दुहाती होती, पहिल्या बाळंतपणाच्या सुट्टीत तिने एकहाती केला. मग २०२२ ला विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली, २०२५ ला लंडनची क्वीन्स स्पर्धा जिंकली. तेरा वर्षांच्या पोरीला इतकी घाई नको.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कोपराची भीती कित्येक महिने मनात होती, ती गेली.

काल लेकीला हेनिनचा सामना लावून दिला, पण या वेळी म्हटलं, चेंडूकडे बघायचं नाही, फक्त पाय बघ. वीस मिनिटं गप्प बसून बघत होती. मग म्हणाली, "ही थांबतच नाही गं. मी फटका मारून तिथेच उभी राहते." हे तिला तिचं तिनेच दिसलं, मी काही सुचवलं नव्हतं. आज सकाळी सरांशी बोलले. आठ आठवडे पायांवर आणि लवकर तयारीवर काम करू, सर्व्हिस परतवताना स्लाइस वापरू, मग ठरवू, असं म्हणाले. एवढ्या मोकळेपणाने ऐकतील असं वाटलं नव्हतं.

एक शेवटचं विचारते. दर रविवारी तिच्या खेळाचं चित्रण करायचंय. मोबाइल मागून लावू की बाजूने?

प्रतिसाद १

दोन्हीकडून, दहा-दहा मिनिटं. बाजूने घेतलंत की चेंडू शरीराच्या किती पुढे भेटतो ते दिसेल. मागून, बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) मधोमध आणि जरा उंचावर लावलात तर फटक्यानंतर ती किती लवकर जागेवर परतते ते कळेल. आधी मागूनचं बघा.