हिमनद्या वितळत असतानाही लडाखमध्ये पाणीटंचाई का?

प्रश्न

हिमालयातील हिमनद्या वेगाने वितळत आहेत, असे आपण सतत वाचतो. बर्फ अधिक वितळला तर ओढ्या-नद्यांना पाणीही अधिक यायला हवे, अशी माझी समजूत आहे. मग लडाखमधील शेतकऱ्यांना नेमके पेरणीच्या वेळीच पाणी का मिळत नाही? आणि सिंधू व गंगा या दोन्ही नद्यांवर या बदलाचा परिणाम सारखाच होतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

येथे दोन वेगवेगळे साठे लक्षात घ्यावे लागतात. पहिला साठा हिवाळ्यात पश्चिमी झंझावातांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे पडणाऱ्या आणि उन्हाळ्यापर्यंत वितळून जाणाऱ्या बर्फाचा; दुसरा हिमनदीचा, म्हणजे वर्षानुवर्षांचे थर दाबले जाऊन तयार झालेल्या जुन्या बर्फाचा. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस व बर्फ पडतो, त्यामुळे शेती जवळजवळ पूर्णपणे वितळलेल्या पाण्यावर चालते. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत होते. लडाखमधील हिमनद्या मात्र साधारण ५,००० मीटरच्या वर असून त्यांचे पाणी खऱ्या अर्थाने जूननंतरच खाली येऊ लागते. म्हणजे पेरणीसाठी भरवसा असतो तो खालच्या उतारांवरील हिवाळी बर्फाचा. हिवाळा कोरडा गेला किंवा ऊब लवकर आली, तर हा बर्फ पेरणीपूर्वीच संपतो. आणि लहान हिमनद्या मागे सरकत अधिक उंचीवर, अधिक थंडीत गेल्या की त्यांचे पाणीही आणखी उशिरा मिळते. टंचाईचे महिने अशा प्रकारे दोन्ही बाजूंनी वाढतात. झंस्कारमधील कुमिक गावाचा ओढा असाच आटत गेला आणि अखेर गावकऱ्यांना खाली नवी वस्ती उभारावी लागली. पिढ्यान्पिढ्या बांधलेले पाट आणि शेते सोडून जाणे म्हणजे काय, याची कल्पना करूनही मन अस्वस्थ होते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाला जोडून लिहितो. हिमनदी आकसत असताना काही दशके नदीत पाणी वाढलेले दिसते, ही आपली समजूत चुकीची नाही. पण ती वाढ म्हणजे कणगीतले बियाणेच दळायला काढल्यासारखी आहे. बर्फाचे क्षेत्र एका मर्यादेपेक्षा घटले की प्रवाह कमी होऊ लागतो. हिमालयातून निघणाऱ्या मोठ्या नद्यांच्या बाबतीत हा टप्पा शतकाच्या मध्याच्या आसपास येईल, असे अनेक अभ्यासांचे अनुमान आहे. लहान खोऱ्यांत तो त्याआधीही येऊ शकतो. ताजा बर्फ ऊन मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो, परंतु तो वितळून खालचा मळकट बर्फ किंवा खडक उघडा पडला, अथवा त्यावर काजळी बसली, की उष्णता शोषली जाऊन वितळणे अधिकच वेगाने होते.

सिंधू आणि गंगा यांत मोठा फरक आहे. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात निम्म्याहून अधिक पाणी बर्फ आणि हिमनद्यांचे असते, तर गंगेच्या वरच्या खोऱ्यात पावसाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे गंगेवरील परिणाम मुख्यतः मोसमी पावसाच्या आधीच्या कोरड्या महिन्यांत जाणवेल; सिंधूच्या बाबतीत मात्र सिंचनाचा मोठा भागच त्यावर अवलंबून आहे. गोदावरी, कृष्णा या आपल्या नद्यांना बर्फाचे पाणी नाही, म्हणून पावसाचे पाणी आपण जायकवाडी, उजनीसारख्या धरणांत अडवतो. तिकडे ते काम बर्फ आपणहून करत आला आहे, आणि तापमान वाढून हिमवृष्टीऐवजी पाऊस पडू लागला तर तेच पाणी साठून न राहता एकदम वाहून जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. मुद्दा पाण्याच्या एकूण प्रमाणाइतकाच त्याच्या वेळेचाही आहे, हे आता स्पष्ट झाले. मग कृत्रिम हिमनद्या आणि ‘आइस स्तूप’ यांचा कितपत उपयोग होतो?

प्रतिसाद ३

पेरणीच्या वेळेची अडचण सोडवण्यापुरता निश्चित होतो. अभियंता चेवांग नॉर्फेल यांनी १९८० च्या दशकात हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी गावाजवळच्या सावलीच्या जागी वळवून, बांधांमागे थराथराने गोठवण्यास सुरुवात केली. असा साठा हिमनदीपेक्षा पुष्कळ खाली असल्याने वसंतातच वितळू लागतो. सोनम वांगचुक यांच्या आइस स्तूपात वरून नळाने आणलेले पाणी केवळ उताराच्या दाबाने कारंज्यासारखे उडवून थंडीत शंकूच्या आकारात गोठवतात. या आकारात बर्फाच्या मानाने उन्हाला उघडा पृष्ठभाग कमी राहतो आणि बर्फ अधिक काळ टिकतो.

परंतु या दोन्ही पद्धती नवे पाणी निर्माण करत नाहीत, त्या फक्त हिवाळ्याचे पाणी पेरणीपर्यंत धरून ठेवतात. त्यासाठी ओढा हिवाळ्यातही वाहता हवा, रात्री पुरेशा थंड हव्यात आणि नळ गोठल्यास ते मोकळे करायला गावातली माणसे हवीत. तरुण कामासाठी लेहला गेलेल्या गावांत हीच गोष्ट सर्वांत अवघड ठरते. लेह शहरात तर पर्यटनासोबत कूपनलिकाही वाढल्या आहेत आणि त्या ज्या भूजलावर चालतात, तेही याच वितळलेल्या पाण्याने भरते. म्हणून माझ्या मते तेथे उपशावर मर्यादा घालणे स्तूप उभारण्याइतकेच तातडीचे आहे.