वीस-चाळीस वर्षांनी परत आलेला मायकल मायर्स: तुमचे अनुभव

कडीकोयंडा
काल माळा आवरताना व्हीसीडींची पिशवी सापडली. त्यात ‘हॅलोविन एच२०’. कव्हरवर ताईच्या अक्षरात "एकटीने बघू नये". आम्ही दोघींनी तो आवाज बारीक करून बघितला होता, आईबाबा झोपल्यावर. १९७८ चा पहिला ‘हॅलोविन’ आधीच पाहिलेला, त्यामुळे मुखवटा घालून खून करत सुटणारा मायकल आणि त्याच्या तावडीतून वाचलेली लॉरी ओळखीचे. १९९८ च्या या भागात ती नाव बदलून कॅलिफोर्नियात एका शाळेची मुख्याध्यापिका झालीय. मुलगा सतरा वर्षांचा, तरी त्याला नजरेआड होऊ देत नाही. शेवटी ती मुलाला फाटकाबाहेर पाठवते आणि स्वतः कुऱ्हाड घेऊन परत आत जाते, मायकलला हाका मारत. ताईने तेव्हा माझा हात असा आवळला की बांगडी फुटली. काल रात्री पुन्हा बघितला. माझ्यासाठी तो पहिल्याच्या तोडीचाच आहे. तुम्हाला उशिरा आलेला कुठला भाग भिडला?

निशाचर
एच२० भारीच, पण २००२ च्या पुढच्या भागाने सगळं घालवलं. म्हणे एच२० च्या शेवटी लॉरीने जिचं... सॉरी, ज्याचं मुंडकं उडवलं तो मायकल नव्हताच, रुग्णवाहिकेवरचा माणूस होता! आणि लॉरीला सुरुवातीलाच मारून टाकली. मी तिथेच बंद केला. आजही राग येतो.

तबलजी
संगीताबद्दल कोणी बोललं नाही अजून. पाच मात्रा! जॉन कारपेंटरला वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेला ठेका. झपतालाच्या निम्म्या मात्रा, पण विभागणी वेगळी, म्हणून पाय अडखळल्यासारखं होतं. २०१८ च्या भागाला कारपेंटरनेच मुलाबरोबर संगीत दिलं. थिएटरात ती धून सुरू झाली आणि अंगावर काटा. माझं तिकीट तिथेच वसूल.

लेकुरवाळी
बाळ झोपलंय तोवर लिहिते. २०१८ चा मला फार लागला. सगळे लॉरीबद्दल बोलतात, मला तिची मुलगी कॅरन दिसते. लहानपणभर बंदुका आणि तळघर, मग बाराव्या वर्षी आईपासून काढून नेलेली. मी आठवीत असताना आमच्याकडे चोरी झाली. आम्ही घरात होतो, झोपेत. त्यानंतर आई रोज रात्री तीनदा कड्या बघायची, मग आम्हाला उठवून पुन्हा बघायला लावायची. मी चिडायचे तिच्यावर. शेवटी कॅरन जिन्याखाली रडत "मला नाही जमणार" म्हणते आणि मायकल समोर आल्यावर बंदूक स्थिर धरते ना, तिथे मी हमसून रडले. आईने शिकवलेलं हातात उतरलं होतं.
उठलं बाळ. नंतर येते.

कडीकोयंडा
लेकुरवाळी, 🫂 आई कशी आहे आता?

निशाचर
२०१८ मध्ये एक गोष्ट बरी केली, लॉरी-मायकलचं बहीणभावाचं नातं काढून टाकलं. ते १९८१ च्या दुसऱ्या भागात घुसवलेलं. काही कारण नसताना कोणीतरी तुमच्याच दारात येतो, हेच जास्त भयानक.

आजोळ
एच२० मधली शाळेतली सेक्रेटरी बाई बघा नीट. ती जॅनेट ली, लॉरी झालेल्या जेमी लीची खरी आई! ‘सायको’मध्ये बाथरूममध्ये मरते तीच. निघताना बसते ती गाडीही ‘सायको’तल्यासारखी. काळजीने मायेचे दोन शब्द बोलून जाते लेकीशी. मला त्या दोन मिनिटांसाठी अख्खा सिनेमा प्रिय आहे.

भोपळेवाली
मी पाहिला नाही एकही, भीती वाटते. पण इथे न्यू जर्सीत लेकीने हॅलोविनसाठी कोरलेला भोपळा दारात आहे, त्याचे घारगे होतील का?

तबलजी
कोरलेला नको, दोन दिवसांत बुरशी धरतो. शिवाय तो भोपळा पाणचट असतो. बटरनट जातीचा भोपळा घ्या.

लेकुरवाळी
@कडीकोयंडा आई मजेत. माझ्याकडेच आहे. अजून कड्या बघते, आता मीही तिच्या मागोमाग बघते.

निशाचर
२०२१ आणि २०२२ चे दोन कोणी पाहिले? मला शेवटचा अजिबात नाही पटला. लॉरीचा निरोप आणि अर्धा सिनेमा भलत्याच पोराचा. पण जेमी ली १९ व्या वर्षापासून साठी ओलांडेपर्यंत एकच बाई उभी करते, ते बघायला मी पुन्हा जाईन.

कडीकोयंडा
ताईला व्हीसीडीचा फोटो पाठवला. रविवारी येतेय. २०१८ चा तिने पाहिलेला नाही!!

भोपळेवाली
बटरनट आणला. गूळ कधी घालायचा?

आजोळ
किसाबरोबरच शिजवायचा. गार झाला की मावेल तेवढीच कणीक, वरून पाणी नको.