ओळखीतली मुलगी बेपत्ता झाली आणि सापडलीच नाही : तुमचे अनुभव लिहा

रोमच्या इमॅन्युएला ओरलांदीबद्दल वाचत बसले होते. वय १५, वडील व्हॅटिकनमध्ये नोकरीला. २२ जून १९८३ ला फ्लूटच्या क्लासला गेली, घरी फोन करून सांगितलं की एकानं एव्हॉनच्या कॉस्मेटिक्सचं काम देऊ केलंय, आणि त्यानंतर काही नाही. पोपवर गोळ्या झाडणाऱ्या आग्जाला सोडा म्हणून फोन आले, २०१२ ला एका गुंडाची कबर उघडली, २०१९ ला व्हॅटिकनमधल्या दोन कबरी उघडल्या तर ज्या राजघराण्यातल्या बायकांच्या होत्या त्याही आत नाहीत! २०२३ ला परत तपास सुरू. भाऊ अजून भांडतोय. पण मला खटकलं ते पहिल्या रात्रीचं. पोलीस म्हणाले, मैत्रिणींबरोबर असेल, थांबा जरा.

हे आपल्याकडे किती घरांनी ऐकलंय? नाव-गाव टाकू नका, काय झालं आणि लोक काय बोलले तेवढं लिहा.

खान्देशी_ताई
माझी मावसबहीण. दहावीत होती, संध्याकाळच्या क्लासला गेली ती गेलीच, सायकल क्लासच्या बाहेर तशीच लावलेली. ही दोन हजार दहाच्या आधीची गोष्ट. चौकीत पहिला प्रश्न काय, तर कोणाबरोबर होतं का तिचं काही, कपाटात चिठ्ठी बघा. काका मुलीचं दप्तर घेऊन गेले होते दाखवायला, ते कोणी उघडलं पण नाही. मग भाऊबंद बसले आणि ठरवलं की बोभाटा नको, धाकटीचं लग्न व्हायचंय, त्यामुळे पेपरात फोटो द्यायचा राहिलाच. फोटो तरी कुठे धड होता, कुणाच्या तरी हळदीतला, अर्धा चेहरा करवलीच्या मागे.
आता रेशनकार्डाची केवायसी आलीये ना, प्रत्येकाचा अंगठा लागतो. दुकानदार म्हणतो तिचं नाव कमी करा नाहीतर अडकेल. मावशी म्हणते अडकू दे.

घाटकोपरकर
शेजारच्यांची मुलगी. देवऋषी म्हणाला उत्तरेला आहे, पाण्याजवळ. मग सुरतेहून एक फोन, मुलगी आमच्याकडे सुखरूप आहे, गाडीभाड्याचे पैसे पाठवा. पाठवले. परत फोन, आता आजारी आहे, अजून पाठवा. तो नंबर बंद पडल्यावर काकांनी स्वतः सुरत पालथी घातली. असले लोक पोस्टरवरचे नंबर बघून फोन करतात, हे नंतर कळलं.

फळा_खडू
मी मराठवाड्यात शिकवते. दिवाळीनंतर ऊसतोडीला घरं जातात, उन्हाळ्यात परत येतात, त्यात एखादी आठवी-नववीची मुलगी येत नाही. विचारलं की 'लग्न करून दिलं'. कोणाशी, कुठल्या गावात? आई वेगळं गाव सांगते, चुलता वेगळं. तक्रार कोणाचीच नाही, त्यामुळे ती बेपत्ता पण नाही कागदावर, माझ्या हजेरीत नुसती 'सतत गैरहजर'. मला तर वाटतं तुम्ही वर लिहिलेल्या मुलींना निदान कोणीतरी शोधतंय.

निवृत्त_हवालदार
खात्यात होतो म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. बहुतेक मुली परत येतात, काही खरंच कोणाबरोबर गेलेल्या असतात, म्हणून ड्युटीवरच्या माणसाच्या तोंडातून तेच वाक्य निघतं. समर्थन करत नाही, कारण जी परत येणार नसते तिच्या घरच्यांनाही तेच ऐकवलं जातं आणि तेच पहिले तास वाया जातात.
मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला की १८ खालचं मूल हरवलं तर नुसती मिसिंगची नोंद नाही, अपहरण धरून एफआयआर घ्यायचा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३६३ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं १३७. चार महिन्यांत सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो. '२४ तास थांबा' असं कुठेही लिहिलेलं नाही. ११२ ला, मुलांच्या हेल्पलाइनला म्हणजे १०९८ ला लगेच फोन करा.
आणि आमच्यातलेच राजेंद्र भोसले, मुंबईच्या डी. एन. नगर ठाण्याचे. २००८ ते २०१५ मध्ये १६६ मुली हरवल्या, १६५ सापडल्या, उरलेल्या एकीचा फोटो रिटायर झाल्यावरही खिशात घेऊन फिरायचे. २०२२ ला ती सापडली, नऊ वर्षांनी, राहत्या भागाजवळच.

खान्देशी_ताई
@हवालदार काका, आमच्या वेळी फक्त मिसिंगची नोंद झाली होती. आता काही होतं का?

निवृत्त_हवालदार
होतं. त्याच आदेशात जुन्या न सापडलेल्या मुलांचेही एफआयआर घ्या म्हटलंय. नोंदीचा नंबर आणि तारीख शोधा, एसपींच्या नावानं लेखी अर्ज करा, जन्मदाखला जोडा म्हणजे तेव्हाचं वय दिसेल. आणि ताई, पोच शिक्क्यासकट घ्या, नुसता अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका.